पोराला सोडलं. चुकलं का?

नाका_शिपाई
पोलीस शिपाई आहे, नोकरीला सात वर्षं झाली. गुरुवारी पहाटे पावणेसहाला नाकाबंदीत एक मोपेड अडवली. हँडलला दोन किटल्या, मागे कॅरिअरला एक. चालवणारं पोर नववीतलं, पाय जेमतेम टेकत होते. बाप गोठ्यात घसरलाय, पाय प्लास्टरात, आणि साडेसहाला डेअरीचा काटा बंद होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ (अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिल्याचं) लावलं तर बापाला २५ हजार दंड, वर तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. मी सुटलेलं झाकण घट्ट बसवून दिलं, म्हटलं हळू जा. सोबतचे हवालदार काही बोलले नाहीत, पण दिवसभर नीट बोललेही नाहीत.

कोथरूडकर
पुढच्या वळणावर कुणाला उडवलं असतं तर? कल्याणीनगरला १९ मे २०२४ ला सतरा वर्षांच्या पोराच्या पोर्श गाडीखाली दोघं गेले. मोपेड आणि पोर्श एक नाही, मान्य. पण अल्पवयीन तर दोघंही ना?

निवृत्त_फौजदार
बाळा, ३३ वर्षं हेच केलं, म्हणून सांगतो. मुभा कायद्यातही आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको, हे सुप्रीम कोर्टाच्या अर्नेश कुमार निकालात २०१४ लाच आलं. पण तिथं कारण लिहावं लागतं. तू डायरीत काय लिहिलंस?

माझंच सांगतो. एकदा भावकीतल्या एकाला दारू पिऊन गाडी चालवताना धरला आणि सोडला. घरी म्हातारी आई होती त्याची. त्याच आठवड्यात एका पारध्याच्या पोराची नवी सायकल ठाण्यात आणून ठेवली. म्हटलं, याच्याकडं कुठली नवी सायकल? तिसऱ्या दिवशी बाप पावती घेऊन आला, घडी घालून टोपीत ठेवलेली. दोन्ही वेळेला माझ्या मनाला पटलेलंच होतं.

तुझं पोर बुलेटवर असतं, सरपंचाचं असतं, तर झाकण लावून दिलं असतंस का?

आणि दूध पोचवायला पोरच कशाला हवं होतं? किल्ली काढून घ्यायची, किटल्या डेअरीच्या पिकअपमध्ये चढवायच्या, बापाला फोन लावायचा, डायरीत दोन ओळी खरडायच्या.

नाका_शिपाई
पिकअपचं सुचलंच नाही, साहेब. सहाला माझ्यासमोरूनच गेली. ड्रायव्हरनं हातसुद्धा केला.