ॲनिमेशनपट, रणरणती दुपार आणि मोठ्यांची डुलकी

चित्रवेडी:
“भर उन्हाळ्यात मुलांना ॲनिमेशनपटाला नेणे ही मोठ्यांनी गारव्यात दोन तास डुलकी काढण्याची सोय आहे, त्या चित्रांत मोठ्या माणसाने पाहावे असे काय असते?” हे ‘मध्यान्ह’ यांचे विधान वाचल्यापासून मला चैन पडलेले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. गेल्या रविवारी आम्ही घरची सहा माणसे ऐन दुपारच्या खेळाला गेलो होतो. पडद्यावरची एक म्हातारी जिना चढताना मध्येच थांबते, कठड्यावरचा हात उचलून पुन्हा तिथेच ठेवते आणि मगच पुढची पायरी चढते. गुडघेदुखीने बेजार असलेले माझे वडील त्या क्षणी खुर्चीत पुढे सरकून बसले. तो हात कोणीतरी विचारपूर्वक हलवलेला असतो. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे स्थिर प्रतिमा, सरकतात. हाताने चितारलेल्या पटात एक चित्र दोन चौकटी टिकते असे धरले, तरी सेकंदाला 12 चित्रे आणि दीड तासाला 64,800 चित्रे असा हिशेब होतो. एवढ्या मेहनतीसमोर झोप लागत असेल, तर दोष चित्रांचा नाही.

दोन मुलांचा बाप:
मेहनत मान्य आहे. परंतु गारव्यासाठी जाण्यात कमीपणा कसला? 1925 साली न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात अमेरिकन अभियंते विलिस कॅरिअर यांची वातानुकूलन यंत्रणा बसली, आणि एरवी मंदीत जाणाऱ्या उन्हाळ्यात लोक गारव्याच्या ओढीने येऊ लागले. माझी तक्रार आवाजाची आहे. माझ्या चार वर्षांच्या मुलीने पहिल्याच पाठलागाला दोन्ही कान दाबून धरले आणि ती रडू लागली. 85 डेसिबल आवाजात आठ तासांहून अधिक काळ राहू नये आणि पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी करावी, अशी कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील नायॉश या संस्थेची कामगारांसाठी शिफारस आहे. म्हणजे हा विचार प्रौढांच्या कानांचा झाला. मुलीला शांत करतो तोच मागून एक गृहस्थ ओरडले, “मुलीला बाहेर न्या!” बाहेर ऊन मी म्हणत होते.

मागची रांग:
ते गृहस्थ मी नव्हे, पण मीही तेच म्हटले असते. माझ्या आईला दिसते कमी. ती संवाद ऐकून चित्रपट पाहते. मागच्या खेपेला पाव तास चाललेल्या रडण्यात तिची अर्धी गोष्ट हरवली आणि घरी येईपर्यंत ती मला विचारत राहिली, “मग तो मुलगा परत आला का?” दालनाबाहेरच्या मोकळ्या जागेतही गारवा असतो. उन्हाचे निमित्त पुढे करू नका.

दोन मुलांचा बाप:
निमित्त? माझा सहा वर्षांचा मुलगा आत होता आणि बरोबर दुसरे मोठे माणूस नव्हते. अंधारात दोघांपैकी कोणाला एकटे सोडायचे होते, ते आपण सांगा आणि मग उपदेश करा.

चित्रवेडी:
दोन रडण्यांत फरक करायला हवा. 1942 च्या ‘बॅम्बी’ या डिस्नेच्या ॲनिमेशनपटात हरणाच्या पाडसाची आई मारली जाते, आपल्याला केवळ गोळीचा आवाज ऐकू येतो. तिथे रडणाऱ्या मुलाला जवळ घ्यावे, कारण त्याला गोष्ट भिडलेली असते. आवाजाने कळवळणाऱ्या मुलाला मात्र तत्काळ बाहेर न्यावे, ते शेजाऱ्यांसाठी नव्हे तर त्याच्याच कानांसाठी. ‘मागची रांग’ यांचे एवढे म्हणणे मला नाइलाजाने मान्य करावे लागते.

मागची रांग:
मूल कशाने रडते, हे अंधारात मागच्या माणसाला कसे कळावे? एकट्या पालकाची अडचण मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. तरीही अशांनी कडेच्या खुर्च्या घ्याव्यात, म्हणजे दोन्ही मुलांना घेऊन पटकन उठता येते.

मध्यान्ह:
मी झोपलो होतो, हे खरे आहे. सकाळभर उन्हात धावपळ झाली होती आणि दालनातील गारव्याने डोळे मिटले. घरी आल्यावर मुलीने विचारले, “बाबा, तो कोल्हा शेवटी पुलावर का थांबला?” मला उत्तर देता आले नाही, आणि त्याच चिडीत मी ते विधान केले. ‘डुलकी’ हा शब्द मागे घेतो. परंतु तापलेल्या गाडीतून लहान मुलांना भर दुपारी नेणे मला आजही गैर वाटते, त्यावर कोणी काही बोललेले नाही. मुलगी पुन्हा तोच चित्रपट पाहायचा म्हणते आहे. संध्याकाळच्या खेळाची तिकिटे काढली आहेत, कडेच्या खुर्च्यांची.