डोक्यातला गुन्हा, चॅटमधला गुन्हा: पोलिसांनी नेमकं कधी उचलायचं?

यवतेश्वरचा_वारा (सातारा)

न्यूयॉर्क पोलीस खात्यातल्या गिल्बर्टो वॅलेची केस काही जणांना माहीत असेल, तिकडच्या पेपरवाल्यांनी त्याचं नावच नरभक्षक पोलीस पाडलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१२ साली बायकोला संशय आला, तिने घरच्या कॉम्प्युटरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि जे दिसलं ते बघून तान्ह्या लेकीला उचलून थेट माहेर गाठलं आणि एफबीआयला कळवलं. नवरा रात्र रात्र अनोळखी माणसांशी चॅट करत होता, बाईला पळवायचं कसं, मारायचं कसं, भाजून खायचं कसं. बायका काल्पनिक नाहीत, स्वतःची बायको आणि ओळखीपाळखीच्या, नावं खरी (आडनावं नव्हती म्हणे) आणि फेसबुकवरचे फोटोही खरे. ऑक्टोबर २०१२ ला अटक, मार्च २०१३ ला ज्युरीने अपहरणाच्या कटात दोषी धरलं, जन्मठेपेपर्यंत जाऊ शकत होतं प्रकरण. मग २०१४ मध्ये जज्जनेच ज्युरीचा तो निकाल फिरवला आणि डिसेंबर २०१५ ला वरच्या कोर्टाने २ विरुद्ध १ मतांनी सुटका कायम केली.

माझं मत: कोर्ट बरोबर होतं. किळस येते का, येते. पण किळस म्हणजे पुरावा नाही. हा माणूस २४ जणांशी असलं बोलत होता, त्यातल्या २१ जणांसोबतच्या गप्पा नुसती फँटसी होती हे सरकारी पक्षालाच मान्य, फक्त ३ जणांबरोबरच्या गप्पा म्हणे खऱ्या प्लॅनच्या. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या तर फरक कळत नाही. अमुक तारखेला उचलायची असं ठरायचं, ती तारीख यायची आणि जायची, आणि समोरचा एकदाही विचारत नाही की बाबा काय झालं, जमलं का. डोंगरात माझं घर आहे, माणूस मावेल एवढी भट्टी आहे म्हणून सांगायचा, घर पण नाही आणि भट्टी पण नाही. आयुष्यात कधी प्रत्यक्ष न भेटलेली माणसं, एकमेकांची खरी नावं माहीत नाहीत, हा कसला कट?

तुमचं काय म्हणणं? शिव्या देणार असाल तर निदान पूर्ण वाचून द्या.

हळदीचं_पेव (सांगली)

पूर्ण वाचलं. आता तुमी एक सांगा, त्या बायकांच्या बाजूने एक तरी ओळ लिहिलीय का धाग्यात? तो सुटला, कायदा जिंकला, आणि जिच्या फोटोवर हे सगळं चाललं होतं तिने काय करायचं? तिला माहीत पण नाही की आपल्या नावाने कुणीतरी पदार्थाची रेसिपी लिहितोय. स्वतःच्या डोक्यात ठेव की मग, कोण बघायला येतंय. तू माझा फोटो घेऊन तिसऱ्या माणसाला पाठवलास तेव्हाच ते खाजगी राहिलं नाही. आणि हा काय कुणी अकौंटंट नव्हता, पोलीस होता, कमरेला पिस्तूल. पोलिसांच्या डेटाबेसमधून त्याने त्यातल्या एका बाईची माहिती पण काढली होती, हे तुमी धाग्यात का गाळलं?

यवतेश्वरचा_वारा

गाळलं नाही ताई, लांबण लागते म्हणून ठेवलं होतं. माझा मुद्दा तर त्यानेच पक्का होतो. डेटाबेस उघडला ही खरी कृती, त्यासाठी नोकरी गेलीच पाहिजे आणि वेगळी शिक्षा पण व्हावी. ज्युरीने त्यात पण दोषी धरलं होतं, पण वरच्या कोर्टाने तेही काढलं, कारण त्याला त्या डेटाबेसचा अधिकृत अ‍ॅक्सेस होता, वापर चुकीचा केला एवढंच. ते मला पटत नाही. पण डेटाबेसची शिक्षा डेटाबेससाठी द्या, भट्टीसाठी देऊ नका.

भडंग_स्पेशल

वकिली भाषा बंद करा राव. उद्या तुमच्या शेजारचा, तुमच्या बहिणीचा फोटो लावून असलं लिहितोय हे कळलं तर तुम्ही वरच्या कोर्टाचा निकाल वाचत बसणार का? आमच्या गावात असल्याला आधी झाडाला बांधतील आन मग विचारतील फँटसी होती का प्लॅन होता.

यवतेश्वरचा_वारा

बहिणीचा फोटो बघून माझं डोकं फिरेलच. म्हणून तर निकाल माझ्या हातात नको.

कोर्टाची_पायरी (सांगली, फौजदारी प्रॅक्टिस)

अमेरिकेचं पुरे, आपल्याकडे काय झालं असतं ते बघू. लॉ कॉलेजात पहिल्याच वर्षी घोकून घेतात: इरादा, तयारी, प्रयत्न, गुन्हा. पहिल्या दोन पायऱ्यांना साधारण शिक्षा नाही (दरोड्याची तयारी वगैरे अपवाद सोडून). तयारी कुठे संपते आणि प्रयत्न कुठे सुरू होतो यावर सुप्रीम कोर्टाच्या ट्रकच्या दोन केसेस आहेत. एकात पंजाबातून भात भरलेला ट्रक परवाना नसताना दिल्लीकडे निघाला आणि समालखा नाक्यावर धरला, कोर्ट म्हणालं ही तयारीच, ड्रायव्हरचं मन बदललं असतं तर ट्रक फिरवून परत जाता आलं असतं. दुसरी आपल्या वसईकडची, १९६८ ची, रात्री खाडीवर ट्रकमधून तस्करीच्या चांदीच्या लगडी उतरवत होते, अंधारात यांत्रिक बोटीच्या इंजिनाचा आवाज आला, १९८० ला कोर्टाने सांगितलं हा प्रयत्नच झाला. म्हणजे वॅलेचा तर ट्रकच गॅरेजमधून निघाला नव्हता, प्रयत्नाचं कलम लागायचा प्रश्नच नाही.

पण. कटाचं कलम वेगळं आहे आणि इथे धागाकर्त्याला घाम फुटेल. बीएनएस (भारतीय न्याय संहिता) ६१, म्हणजे जुन्या आयपीसीचं १२०-ब. आपल्याकडे दोघांनी गुन्हा करायचं ठरवलं की कट पूर्ण, पुढे एक पाऊल पण टाकायची गरज नाही. त्यांच्याकडे अपहरणाच्या कटाला निदान एक उघड कृती दाखवावी लागते, आपल्याकडे तेही नाही. चॅटमध्ये एकाने विचारलं मंगळवारी करायचं का आणि दुसरा म्हणाला हो, तर कागदावर केस उभी राहते. मग दोघांचं खरंच ठरलं होतं की नाटक होतं हे ट्रायलमध्ये बघू, तोपर्यंत बसा आत. आणि कट नाही टिकला तरी आयटी अ‍ॅक्टचं ६७ आहेच, अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून नुसता पाठवला तरी पहिल्या वेळेला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. तो तिकडे सुटला, इथे ६७ मध्ये लटकू शकला असता.

कंदी_पेढा

वकीलसाहेब म्हणजे आपला कायदा जास्त कडक? मग बरंच की, भांडण कशाचं.

कोर्टाची_पायरी

कडक नाही, ढगळ आहे. ढगळ कपड्यात कुणालाही कोंबता येतं.

माहुली_घाट

आयटी अ‍ॅक्टचं ६६-अ आठवतंय का कुणाला, ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून उचलायचं कलम? नोव्हेंबर २०१२ ला मुंबई बंदवर पालघरच्या पोरीने फेसबुकवर साधी पोस्ट टाकली, दुसरीने लाइक केली, दोघींना उचललं. २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते कलमच रद्द केलं. आणि त्यानंतरही पोलीस तेच कलम लावत राहिले, २०२१ ला हे कोर्टापुढे परत आलं तेव्हा कोर्टच हबकलं. असल्या खात्याच्या हातात तुम्ही कुणाची फँटसी खरी आणि कुणाची खोटी हे ठरवायचं काम देणार? आपल्याकडे निकाल लागेपर्यंत माणूस संपलेला असतो, नोकरी गेलेली, बायको गेलेली, गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही. वॅलेने पण सुटायच्या आधी दीड वर्षाच्या वर जेलमध्ये काढलंच की.

हळदीचं_पेव

पालघरच्या पोरींची आणि याची बरोबरी करू नका हो. त्यांनी मत लिहिलं होतं, याने बायकोचा गळा कसा कापायचा ते लिहिलं. क्लोरोफॉर्म कसं करायचं, पोरगी पळवायची कशी, हे पण सर्च केलं होतं त्याने. हे सगळं बोलणंच आहे म्हणता, मग जर्मनीतला मायवेस काय होता? त्याने पण इंटरनेटवर जाहिरातच दिली होती की मारून खायला माणूस पाहिजे. २००१ मध्ये खरंच एक जण आला आणि खरंच मेला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रियातल्या एका विद्यार्थ्याला त्याच्या नवीन जाहिराती दिसल्या, त्याने कळवलं म्हणून तो सापडला. त्या पोराने पण असाच विचार केला असता की जाऊदे बाबा फँटसी असेल कुणाची, तर?

यवतेश्वरचा_वारा

कळवायला माझी कधीच ना नव्हती. वॅलेच्या बायकोने कळवलं ते शंभर टक्के बरोबर, एफबीआयने घर झडती घेतली ते पण बरोबर. कळवणं, तपासणं आणि जन्मठेप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण तिन्हीचा काला करतोय.

आणि त्याच न्यूयॉर्कच्या कोर्टातलं ऐका. वॅलेच्या चॅटमधलाच न्यू जर्सीचा एक जण पुढे दुसऱ्या केसमध्ये अडकला, त्यात एफबीआयने आपला माणूस वेश बदलून घुसवला होता, त्या टोळक्यातला एक जण शॉक द्यायची गन आणि बाकी सामान बॅगेत भरून त्या माणसाला भेटायला गेला. २०१४ मध्ये ज्युरीने दोषी धरलं आणि वॅलेला सोडणाऱ्या त्याच जज्जने ती शिक्षा ठेवली. विषय तोच, भाषा तितकीच घाण. फरक फक्त बॅगेचा.

हळदीचं_पेव

म्हणजे त्याने बॅग भरेपर्यंत बाईने थांबायचं.

मिरज_जंक्शन

ताईंचा हा टोला बसला पण दुसरी बाजू पण बघा. मे २०२० ला दिल्लीच्या शाळकरी पोरांचा इन्स्टाग्राम ग्रुप बाहेर आला होता, पोरींचे फोटो टाकून घाणेरड्या कमेंटी, सगळा देश पेटला होता. त्याच वेळी बलात्काराचा प्लॅन करतानाचे एका चॅटचे स्क्रीनशॉट पण फिरत होते. नंतर पोलिसांनी सांगितलं की ते चॅट त्या ग्रुपमधलं नव्हतंच, एका मुलीनेच मुलाच्या नावाने खोटं अकौंट काढून समोरच्याची परीक्षा बघायला ते लिहिलं होतं, आणि समोरच्याने तर नकार दिला होता. स्क्रीनशॉटवरून माणूस ओळखायचा म्हणजे असं होतं.

मला दोन्ही बाजू पटतात, शिव्या घाला.

भडंग_स्पेशल

मिरजेचं जंक्शन आहे ते, चारी दिशांना गाड्या जाणारच.

कंदी_पेढा

एक शंका, बायकोने नवऱ्याच्या नकळत सॉफ्टवेअर टाकलं तो गुन्हा नाही का? पुरावा म्हणून चालतो?

कोर्टाची_पायरी

घरातला कॉम्प्युटर कुणाचा, पासवर्ड कुणाचा, बरंच त्यावर आहे. आपल्याकडे जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने घटस्फोटाच्या केसपुरतं सांगितलंय की नवरा-बायकोने गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालेल. फौजदारीत तेवढ्याने भागेल असं समजू नका.

आणि लहान मुलांचा विषय वेगळा, तो या चर्चेत कालवू नका कुणी. तिथे फँटसी होती ही सबब चालत नाही. आयटी अ‍ॅक्टच्या ६७-ब मध्ये नुसतं शोधणं, बघणं, मजकूर तयार करणं पण येतं, आणि सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने मद्रास हायकोर्टाचा निकाल फिरवून ते आणखी घट्ट केलं. माझ्या मते योग्यच आहे.

मोठ्या माणसांच्या बाबतीत मधला रस्ता आपल्याकडे आहे, कुणी बोललंच नाही. चॅप्टर केस. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १२६, १२९, म्हणजे जुन्या सीआरपीसीचं १०७, ११०. गुन्हा झालेला नाही पण होईल अशी खबर आहे, तर कार्यकारी मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून बॉण्ड लिहून घ्यायचा, जामीनदार आणायचा, वर्षभर नजर ठेवायची. वॅलेसारख्याला हे लागू होतं, पिस्तूल काढून घ्या, बॉण्ड घ्या, डॉक्टरकडे पाठवा.

माहुली_घाट

वकीलसाहेब, चॅप्टर केस आमच्याकडे कुणावर होते ते तुम्हाला माहीत आहे. निवडणूक आली की यादी काढतात, गणपतीत मंडळाच्या पोरांवर, बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांवर. तहसीलमध्ये दिवस दिवस बसायचं, तारीख पे तारीख. ते हत्यार बायकांसाठी वापरलेलं मी तरी बघितलं नाही.

कोर्टाची_पायरी

हे खरं आहे. पाठलागाची तक्रार घेऊन पोरगी ठाण्यात गेली तर बीएनएसचं कलम ७८ लावायच्या ऐवजी एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घरी पाठवतात, हे पण मी बघितलंय. कलम आहे आणि वापर नाही.

हळदीचं_पेव

आता कसं मुद्द्यावर आलात. तुमी सगळे त्याचा हक्क मोजताय, मला एवढंच पाहिजे की माझं नाव तिथं असेल तर मला कळलं पाहिजे. त्याला जन्मठेप द्या नाहीतर देऊ नका. मी रात्री सेकंड शिफ्ट करून एमआयडीसीतनं स्कूटरवर येते, कुणापासून लांब राहायचं एवढं मला माहीत असलं तर मी रस्ता बदलेन, भावाला बोलवेन. फँटसी आहे म्हणून केस होत नाही, आणि केस नाही म्हणून मला सांगत पण नाहीत, हे कुठलं?

यवतेश्वरचा_वारा

कळवायला माझी हरकत नाही, पण कळवणार कोण? ठाण्यातल्या हवालदाराने तुमच्या घरी येऊन सांगितलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला ठाऊक, आणि घरचे पहिली काय करतील तर तुमचीच शिफ्ट बंद करतील.

हळदीचं_पेव

शिफ्ट बंद करायची का नाही ते माझ्या घरचं मी बघते. त्या काळजीपोटी मला अंधारात ठेवायचं तुमाला कुणी सांगितलं?

मिरज_जंक्शन

माहितीसाठी, केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर बायका-मुलांच्या बाबतीतल्या काही प्रकारच्या लैंगिक मजकुराची तक्रार नाव न देता करता येते. म्हणजे वॅलेच्या बायकोसारखी कुणी असेल तर ठाण्याची पायरी न चढता निदान सुरुवात होऊ शकते.

भडंग_स्पेशल

नाव न देता तक्रार म्हणजे उद्या कुणीबी कुणाच्याबी नावाने टाकणार. आता त्यावर वेगळा धागा काढा, हा लांबला.