कारखान्याची जागा ठरवताना वाऱ्याची दिशा किती धरावी?

प्रश्न : कोळशाच्या बॉयलरसाठी दोन जागांतून एक निवडायची आहे. पहिली सपाट माळावर, वस्तीच्या पूर्वेला ३ किमी. दुसरी त्याच वस्तीच्या वरच्या अंगाला, दरीत, ६ किमीवर. वर्षातला बहुतेक वारा पश्चिमेचा. चिमणी ४० मीटर, शेजारची इमारत २० मीटर उंच. अंतर जास्त म्हणून दरीतली जागा बरी का?

प्रतिसाद १ : नाही, दरी टाळाच. रात्री उतारावरून थंड हवा तळाशी साचते, वर उबदार थर झाकणासारखा बसतो आणि धूर त्याखाली कोंडतो. बेल्जियममधल्या म्यूज खोऱ्यात १९३० साली आणि अमेरिकेत डोनोरा इथे १९४८ साली माणसं दगावली ती अशाच हवेत. शिवाय रात्रीचा वारा दरीतून खाली वाहतो, म्हणजे थेट तुमच्या वस्तीकडे. तिथे ६ किमीचा भरवसा धरू नका.

प्रतिसाद २ : माळावरची जागाही लगेच पक्की करू नका. पश्चिमेचा वारा धूर वस्तीपासून दूर नेतो, हे बरोबर. (विंड रोझमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या दिशांच्या आलेखात, वारा जिकडून येतो ती दिशा दाखवतात, उलटं वाचलं की सगळंच चुकतं.) पण बघायचा तो पूर्वेचा वारा : किती तास, कोणत्या ऋतूत, पहाटे का दुपारी? पहाटेचा मंद वारा थोडेच तास असला तरी तोच जड जातो. जागेवर १० मीटर उंचीवर किमान १ वर्ष दर तासाची नोंद घ्या. धूर कुठे किती पसरेल याचा हिशेब करणारं एअरमॉडसारखं संगणक मॉडेल शांत हवेचे तास गणतच नाही, म्हणून ते किती आहेत हे वेगळं मोजा. जास्त असतील तर शांत हवेचाही हिशेब करणारं कॅलपफ हे मॉडेल वापरा. आधीपासून हवेत असलेलं प्रदूषण उत्तरात मिळवायला विसरू नका.

प्रतिसाद ३ : चिमणी तोकडी आहे. इमारतीची उंची अधिक तिची उंची किंवा रुंदी यांतलं जे कमी त्याची दीडपट, असा हिशेब असतो. रुंदी २० मीटर किंवा जास्त असेल तर २० + ३० = ५० मीटर. त्याखाली इमारतीमागच्या भोवऱ्यात धूर जमिनीवर आपटतो.

प्रश्नकर्ता : रुंदी ३५ मीटर. चिमणी ५० केली की पुरे?

प्रतिसाद ३ : भोवऱ्यात सापडणाऱ्या चिमणीच्या धुरापुरतं. कोळशाचा ढीग, राखेचा खड्डा, ट्रकचा रस्ता यांची धूळ जमिनीलगतच उडते, तिला चिमणीचा उपयोग शून्य. ढीग वस्तीच्या विरुद्ध बाजूला, छपराखाली ठेवा. राख ओली करूनच हलवा.