ऑनलाइन एम.एस्सी. गणित: आपलं प्रूफ वाचणार कोण?

आंजर्लेकर

दापोलीत अकरावी-बारावीचे गणिताचे क्लास घेतो. बी.एस्सी. होऊन बारा वर्षं झाली. गेल्या वर्षी शुद्ध गणितात ऑनलाइन एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, दोन सेमिस्टर झाली. क्लासमधून बाहेर पडलेली मुलं विचारतात, "सर, आम्ही घेऊ का?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो. ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर खोडून काढावं.

माझं मत: घ्या. पण फी भरण्याआधी त्या विद्यापीठाला एकच विचारा. मी हाताने लिहिलेली सिद्धता तुमच्याकडचा कोणी माणूस वाचणार आहे का, आणि चूक कुठे आहे ते मला लिहून कळवणार आहे का? उत्तर "नाही" असेल किंवा गोलमाल असेल, तर पैसे खिशात ठेवा.

हे का म्हणतो ते सांगतो. पहिल्या सेमिस्टरला मेट्रिक स्पेसेस (ज्यात कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर मोजता येतं असे संच) होतं. व्हिडिओ चांगले, नोट्स चांगल्या, दर आठवड्याला चार पर्यायांची क्विझ. कॉम्पॅक्ट सेटवर (ज्यातल्या बिंदूंच्या कुठल्याही अनंत यादीतून त्याच सेटमधल्या एखाद्या बिंदूकडे सरकत जाणारी उपयादी काढता येते असा सेट) प्रश्न आला, मी बरोबर पर्यायावर टिचकी मारली, पूर्ण गुण मिळाले. प्रश्न वास्तव संख्यांच्या रेषेबद्दल होता, आणि तिथे बंदिस्त (आपल्या कडा धरून असलेला) आणि बाउंडेड (मर्यादेत राहणारा) सेट कॉम्पॅक्ट असतोच. माझ्या वहीत मात्र मी लिहून ठेवलं होतं की कुठल्याही मेट्रिक स्पेसमध्ये बंदिस्त आणि बाउंडेड सेट कॉम्पॅक्ट असतो. खाली सव्वा पानाची "सिद्धता" सुद्धा होती. चार महिने ती तशीच होती. तिच्यावर आणखी तीन प्रमेयं मी रचली.

मग एका रविवारी खेडच्या एका मित्राला व्हिडिओ कॉलवर ती वही दाखवली. तो म्हणाला, "एल-टू, म्हणजे वर्गांची बेरीज सांत असलेल्या अनंत याद्यांची स्पेस, तिच्यातला एकक गोल घे. (१, ०, ०, …), (०, १, ०, …), (०, ०, १, …) असे बिंदू घेत जा. कुठल्याही दोघांतलं अंतर वर्गमूळ दोन. आता यातून कन्व्हर्जंट सबसिक्वेन्स, म्हणजे एका बिंदूकडे सरकत जाणारी उपयादी, काढून दाखव." काढता येणारच नव्हती. सगळे बिंदू एकमेकांपासून सारख्याच अंतरावर उभे, कोणी कोणाच्या जवळ सरकतच नाही. गोल बंदिस्त आहे, बाउंडेड आहे, आणि कॉम्पॅक्ट नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. चुकलो म्हणून नाही, तर चार महिने पूर्ण गुण घेऊन चुकत होतो म्हणून.

आमच्या शेजारच्या मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर (गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले) झाले, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यासाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागला. मला तो विषय घरच्या पडवीत बसून शिकता येतो, ही गोष्ट मी लहान मानत नाही.

फळा आणि खडू

आंजर्लेकर, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत याचा आनंद आहे. पण तुमचीच हकिकत तुमच्या मताविरुद्ध साक्ष देते.

मी रत्नागिरी जिल्ह्यात पदवीच्या वर्गाला एकतीस वर्षं गणित शिकवलं. शुद्ध गणित हा माणसाला विचार करताना बघून शिकायचा विषय आहे. फळ्यावर सिद्धता लिहिताना मास्तर मध्येच थांबतो, दोन ओळी पुसतो, म्हणतो "थांबा, इथे डेल्टा आधी निवडता येणार नाही." ते पुसणं हाच खरा तास. रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानात पुसलेलं कापून टाकतात. विद्यार्थ्याला वाटतं, गणित असं सरळ रेषेत सुचतं. मग स्वतःला सुचत नाही तेव्हा तो समजतो आपल्यात काही कमी आहे.

हल्ली ऑनलाइन पदवी घेतलेली मुलं सेट या प्राध्यापक पात्रता परीक्षेच्या तयारीसाठी माझ्याकडे येतात. कंटिन्युअस (सलग) आणि युनिफॉर्मली कंटिन्युअस (सगळीकडे एकसारखं सलग) फलनांच्या व्याख्या लिहायला सांगतो. दोन्हीकडे एप्सिलॉन (किमतीत किती फरक चालेल), दोन्हीकडे डेल्टा (त्यासाठी बिंदू किती जवळ हवेत), शब्द बहुतेक तेच. फरक कशाचा, तर डेल्टा निवडताना बिंदू आधीच हातात आहे की सगळ्या बिंदूंसाठी मिळून एकच डेल्टा द्यायचा आहे, याचा. दहातले सात जण क्रम चुकतात. (०, १) वर १/क्ष घ्या म्हटलं की गप्प होतात. शून्याकडे जाताना डेल्टा आक्रसत जातो हे त्यांनी कोणाच्या हाताने काढलेलं कधी पाहिलेलंच नाही.

आणि परांजप्यांचं उदाहरण घेतलंत म्हणून सांगतो. त्या काळी केंब्रिजची ट्रायपॉस व्हायची ती शिकवणाऱ्यासमोर बसून, सोडवलेले कागद तपासून घेऊन. समुद्र ओलांडायचा तो त्यासाठी.

देवगडची सून

सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. तुमचा फळा होता त्या गावात मी नव्हते.

बी.एस्सी. झालं त्याच वर्षी लग्न झालं. रोज जाऊन येण्याजोगं एम.एस्सी. गणित आमच्या भागात नव्हतं, आणि मुंबईला राहायला कोण पाठवणार? चौदा वर्षांनी, मुलं शाळेत जायला लागल्यावर, ऑनलाइन प्रवेश घेतला. पहाटे साडेचार ते साडेसहा माझा अभ्यास. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "ह्या वयात कित्याक?" आता त्याच शेजारणींना सांगतात, "घरात बसान शिकूक गावता, ह्या काय कमी आसा?"

मार्च ते मे आमच्याकडे आंबा. पेट्या भरणं, मालाची गाडी, माणसांचं जेवण. नेमकी तेव्हाच परीक्षा. केंद्र कोल्हापूरला मिळालं. फोंडा घाट चढून आदल्या रात्री पोचले, पेपर दिला, परत येऊन पहाटे पेट्यांवर बसले. हे सांगते ते कौतुकासाठी नाही. "वर्गात या" म्हणणं आमच्यासाठी "शिकू नका" म्हणण्यासारखंच आहे, एवढं कळावं म्हणून.

आणि रेकॉर्डिंगला इतकं कमी लेखू नका, सर. बी.एस्सी.ला साठ जणांच्या वर्गात मी तीन वर्षांत एकही शंका विचारली नाही. बाह्य मेझर काय आणि मेझरेबल सेट काय (सेटची "लांबी" कशी मोजायची त्याच्या कल्पना), हा तास मी चार वेळा ऐकला, थांबवून, मागे नेऊन. फळ्यासमोर कोणाला "पुन्हा सांगा" असं चार वेळा म्हणता येतं?

अर्जुनाकाठी

राजापूरहून लिहितो. माझी मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे, गणितात हुशार. इथली चर्चा सगळी कॉम्पॅक्ट आणि एप्सिलॉनची. बापाचा प्रश्न वेगळा आहे: पुढे काय? दोन वर्षं आणि फी घालवून शुद्ध गणितात पदवी, तीही ऑनलाइन. कॉलेज धरणार का? त्यापेक्षा संख्याशास्त्र किंवा डेटाचं काही केलं तर निदान नोकरी लागेल. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला येतो, पेढे वाटतो, आणि त्याच मुलांना पुढे पनवेलच्या पलीकडेच जावं लागतं. त्यात अशी पदवी घेऊन घरी बसलेली मुलगी मला बघवणार नाही.

देवगडची सून

भाऊ, वैधतेचं आधी सांगते, कारण मीही तेच आधी शोधलं. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नियम २०२० चे आहेत. मान्यताप्राप्त विद्यापीठाची अशी पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. पण विद्यापीठाचं नाव मोठं आहे एवढ्यावर जाऊ नका. त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला, त्या वर्षाच्या प्रवेशासाठी मंजुरी आहे का, ते यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत स्वतः बघा. एजंटाच्या शब्दावर फी भरू नका.

आंजर्लेकर

राजापूरकर, नोकरीबद्दल सरळ सांगतो. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायला पदव्युत्तरला ५५ टक्के आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा लागते. कनिष्ठ महाविद्यालयाला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. पदवी फक्त दार दाखवते, आत नेते ती नेट-सेट. सीएसआयआर-नेटचा, म्हणजे विज्ञान विषयांच्या नेटचा, गणिताचा पेपर २०० गुणांचा, त्यातले ९५ एकट्या तिसऱ्या भागाला. त्या भागात एका प्रश्नाचे एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, आणि सगळेच बरोबर ओळखले तरच गुण. प्रत्येक पर्यायाला मनात एक सिद्धता किंवा एक प्रतिउदाहरण लागतं. माझ्यासारखी खोटी सिद्धता वहीत असेल, तर तिथे ती उघडी पडते.

मुलीला संख्याशास्त्र आवडत असेल तर जरूर करू दे. पण तिला ते आवडतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

चिकूवाडी, डहाणू

पदवीच कशाला, असं माझं मत. आमच्या डहाणूत १९०५ साली दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर जन्मले. पदव्युत्तर शिक्षण नाही, आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर. तरी ६१७४ हा आकडा जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतो, आणि मग तिथेच थांबतो: ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४. हे शोधायला कुठलं पोर्टल लागलं होतं?

शिकायचंच असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे तास फुकट आहेत. प्रमाणपत्र हवं असेल तेव्हाच परीक्षेचे पैसे. दोन वर्षांची फी वाचवा आणि पुस्तकं घ्या.

फळा आणि खडू

कापरेकरांचं नाव घेतलंत की माझे हात जोडले जातात. पण त्यांचा बाग अंकांचा होता. त्यात कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही शिरता येतं, आणि वजाबाकी चुकली तर ती स्वतःच ओरडून सांगते. फंक्शनल अ‍ॅनालिसिस (एल-टूसारख्या स्पेसेसचा विषय) तसं बोलत नाही. आंजर्लेकरांची सव्वा पानाची चूक चार महिने गप्प बसली होती, हे विसरू नका.

देवगडच्या ताई, तुमचं मी दोनदा वाचलं. "वर्गात या" म्हणणं तुम्हाला "शिकू नका" असं ऐकू येतं, हे मला कळायला उशीर झाला. तरी माझा मुद्दा सोडत नाही. तुम्ही चार वेळा ऐकलंत, पण तुमचं कोणी एकदा तरी ऐकलं का?

आंजर्लेकर

सर, म्हणूनच तर मी सुरुवातीलाच तो प्रश्न विचारा म्हणालो. माझ्या विद्यापीठात त्याचं उत्तर "नाही" असं निघालं, तेव्हा एकत्र शिकणाऱ्या आम्ही तिघांनी स्वतःच व्यवस्था केली. दर रविवारी रात्री नऊ वाजता कॉल. एक जण कागद कॅमेऱ्यासमोर धरून सिद्धता मांडतो, बाकीचे दोघे ती मोडायचा प्रयत्न करतात. पावसाळ्यात वीज गेली, रेंज गेली, तर फोटो पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी उत्तर येतं. यात जे शिकलो ते पोर्टलवर शिकलो नाही, हे मान्य. पण पोर्टल नसतं तर आम्ही तिघे एकाच आठवड्यात एकाच प्रमेयावर आलोच नसतो. डहाणूकर, पदवीचा मला झालेला उपयोग तो हाच: तारीख, आणि सोबत.

फळा आणि खडू

तिघेही नवखे. तिघांचीही चूक एकच असली, तर ती कोण मोडणार?

एक प्रयोग करू. (०, १) वर एक फलन युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे. ते बाउंडेड असतं का? उत्तर "हो" आहे, ते मीच दिलं. सिद्धता द्या.

देवगडची सून

फलन टोकांपर्यंत वाढवून [०, १] वर कंटिन्युअस करता येतं. [०, १] कॉम्पॅक्ट, म्हणून बाउंडेड.

फळा आणि खडू

निष्कर्ष बरोबर. पण "टोकांपर्यंत वाढवता येतं" हे मूळ प्रश्नापेक्षा अवघड विधान आहे, आणि ते तुम्ही एका ओळीत मोफत घेतलंत. क्विझमध्ये याला पूर्ण गुण मिळाले असते.

देवगडची सून

बरोबर आहे सर. पुन्हा लिहिते, वाढवल्याशिवाय.

एप्सिलॉन १ घेतला. त्यासाठी सगळ्या बिंदूंना चालणारा एकच डेल्टा मिळाला, कारण फलन युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे. (०, १) चे डेल्टापेक्षा लहान लांबीचे तुकडे पाडले. मध्यंतराची लांबी १, म्हणून मोजके तुकडे पुरतात. प्रत्येक तुकड्यात एक बिंदू निवडला. त्या तुकड्यात कुठेही फलनाची किंमत निवडलेल्या बिंदूच्या किमतीपासून १ पेक्षा दूर जात नाही. निवडलेले बिंदू मोजके, म्हणून त्यांच्या किमतींमध्ये निरपेक्ष मूल्याने सर्वांत मोठी अशी एक आहे. तिच्यात १ मिळवला की झालं. १/क्ष ला असा एकच डेल्टा मिळत नाही, म्हणून ते इथे आड येत नाही.

फळा आणि खडू

यात एकही भोक नाही. शेवटचं वाक्य मागितलं नव्हतं, ते तुम्ही स्वतःहून तपासलंत, याचं मला फार बरं वाटलं.

ऑनलाइन पदवीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. ही सिद्धता पोर्टलने सुधारली नाही, माणसाने अडवली म्हणून सुधारली.

आता हेच आंजर्लेकरांच्या एल-टू मधल्या एकक गोलावर करून बघा. तुमचे मोजके तुकडे तिथे पडणार नाहीत. तर मग विधान खोटं ठरतं, की फक्त सिद्धता अडते? सगळ्यांनाच विचारतो, डहाणूकरांनाही.

आंजर्लेकर

रविवारच्या कॉलला घेतो.

देवगडची सून

मला रविवारपर्यंत थांबवणार नाही. उद्या पहाटे बसते.