'होस्ट कम्युनिटी'ला मराठीत काय म्हणावं?

मुठाकाठची:
मंडळी, अडले आहे. पूर आणि दरडींच्या वेळी मदतीला जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी पुण्यातली एक संस्था पुस्तिका काढते आहे, तिचं मराठी माझ्याकडे आहे. 'रेफ्युजी'ला निर्वासित, 'डिस्प्लेस्ड'ला विस्थापित, 'मायग्रंट'ला स्थलांतरित, इथवर गाडी सुरळीत आली. 'होस्ट कम्युनिटी'पाशी थांबली. म्हणजे घरदार सोडून आलेली माणसं जिथे येऊन राहतात तिथली आधीची माणसं. कोशात बघून 'यजमान समाज' लिहिलं. बैठकीत वाचल्यावर दोघींना सत्यनारायणाला बसणारा यजमान आठवला. शिवाय यजमान आमंत्रण देतो. इथे कुणीच कुणाला बोलावलेलं नसतं. काय करू?

जुना_कोश:
शंका रास्त आहे. यजमान हा यज् धातूवरून, स्वतःसाठी यज्ञ करवून घेणारा. पाहुणचाराचा अर्थ मागाहून चिकटला. 'आश्रयदाता समाज' चालेल. पण ताई, तुमची गाडी सुरळीत आली असं मला वाटत नाही. निर्वासित म्हणजे निर् + वासित, राहत्या जागेतून घालवलेला. त्यात सरहद्द कुठे आली? १९५१ च्या निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात मात्र स्वतःच्या देशाबाहेर असणं ही अटच आहे. शब्दार्थाने कोयना धरणामुळे उठलेला माणूसही निर्वासितच ठरतो. त्यापेक्षा शरणार्थी नेमका आहे.

कॅम्पातला:
शरणार्थी नको, काका. मी पिंपरी कॅम्पात वाढलो, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांच्या वस्तीत. आजोबांना 'शरणार्थी' म्हटलेलं सहन व्हायचं नाही. "शरण कुणाला गेलो? फळी मांडून कापड विकलं," म्हणायचे. मराठीत शरण जाणं म्हणजे हत्यार खाली ठेवणं. हा शब्द हिंदीत शोभत असेल, आपल्याकडे तो माणसाची मान खाली घालतो. आणि निर्वासित तरी किती वर्षं? माझा जन्म इथला, तरी शाळेत मला 'निर्वासितांचा' म्हणत.

सावली:
'शरण'वर असा अन्याय करू नका, दादा. आमच्या घरी रोज संध्याकाळी 'बुद्धं शरणं गच्छामि' होतं. त्यात कुणी हरत नाही. शरण म्हणजे आसरा, निवारा, संस्कृतात तर घरसुद्धा. मला वाटतं शरणार्थी परत मिळवायला हवा. आणि मुठाकाठची ताई, 'आसरा देणारं गाव' असं साधं का लिहीत नाही?

पेठकर:
परागंदा का आठवत नाही कुणाला? 'परागंदा झालेली कुटुंबं', केवढा जिवंत शब्द!

जुना_कोश:
फारसी आहे तो. मूळ अर्थ विखुरलेला. आणि मराठीत त्याला पळून गेल्याचा वास आहे, सावकाराला चुकवून माणूस परागंदा होतो. घर जळालेल्या बाईला हा शब्द लावू नये.

पेठकर:
फारसी काढायचं तर आधी 'सरहद्द' काढा, ती तुम्हीच वर लिहिली आहे.

खोऱ्यातला:
आसरा म्हटलं की आमच्याकडे डोहातल्या साती आसरा. त्या अप्सरांवरून, ताईंचा आसरा आश्रयावरून, एवढं मलाही ठाऊक आहे. पण आमच्या आजोळच्या आसरा पानशेतच्या पाण्याखाली गेल्या, म्हणून लिहितो.
पानशेत म्हटलं की पुण्यातला माणूस १२ जुलै १९६१ सांगतो. धरण फुटलं, खडकवासलाही गेलं, पेठांत पाणी शिरलं, पुढे गोखलेनगरला पूरग्रस्तांची वसाहत झाली. सगळं खरं. पण त्याच धरणासाठी वर आंबीच्या खोऱ्यातली गावं उठली. एका धरणाने खाली पूरग्रस्त केले आणि वर धरणग्रस्त. पूरग्रस्ताला लोक विचारतात, काय काय वाहून गेलं? धरणग्रस्ताला विचारतात, मोबदला मिळाला ना? तुमच्या पुस्तिकेत हे दोन्ही शब्द आहेत का? 'विस्थापित' आमच्यात कुणाच्या तोंडात नाही. चुलते दौंडकडे गेले. अजून कुणी 'कुठे असता' विचारलं तर म्हणतात, "पुनर्वसनात." ते सरकारी कामाचं नाव होतं, त्याचा पत्ता झाला.

सावली:
हे वाचून गप्प बसले थोडा वेळ.

जुना_कोश:
ग्रस्त म्हणजे गिळलेला. खग्रास ग्रहणातला ग्रास तोच. धरणाने गिळलेला, पुराने गिळलेला, शब्द अचूक आहेत. सरकारने पुढे 'प्रकल्पबाधित' आणला, १९९९ च्या कायद्याच्या नावातच तो आहे. मला तो फार मिळमिळीत वाटतो. बाधतं ते शिळं अन्न.

कॅम्पातला:
बाधित बरा, काका. गिळलेला माणूस परत येत नाही. बाधा उतरते.

पेठकर:
२०२० मध्ये 'बाधित' ऐकलं की लोक खिडक्या लावून घेत होते. त्या शब्दाचं काही चांगलं राहिलेलं नाही.

मुठाकाठची:
धरणग्रस्त आणि पूरग्रस्त दोन्ही घालते, दादा, ते सुटलेच होते. पण एक सांगा, पुनर्वसनातली माणसं शेजारच्या आधीच्या वस्तीला काय म्हणतात? मला तोच शब्द हवा आहे.

खोऱ्यातला:
चुलत्यांना फोन केला. म्हणाले, "गाव. दुसरं काय? ते गाव, आम्ही पुनर्वसन." लेकी त्या गावात दिल्या, तरी त्यांच्या बोलण्यात ते 'गाव'च.

जुना_कोश:
शब्द काळजाला लागतो, पण पुस्तिकेत कसा चालेल? गोखलेनगरला आलेले पूरग्रस्त कुठल्या गावात आले? आणि कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं काय? १९४३ पासून तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पुढे त्याच जागी सिंधी निर्वासित आले, आज ते गांधीनगर आहे. तिथे 'गाव' कोणतं आणि आलेले कोण?

कॅम्पातला:
वळिवड्याला माझी आत्या दिली आहे. तिला विचारून सांगतो.