कोथिंबीर उपासाला चालत नाही, मग मिरची कशी चालते?

ओसरीवरची:
आषाढीला घरी वाद झाला. धाकट्या जावेने खिचडीवर कोथिंबीर भुरभुरली आणि सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. "उपासाला कोथिंबीर कधीपासून चालायला लागली?" जावेच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तेव्हा काही बोलले नाही, पण त्या ताटाकडे बघत राहिले. साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट, हिरवी मिरची. ज्ञानेश्वरांच्या काळात यातलं काहीच आपल्याकडे नव्हतं. बटाटा, मिरची, भुईमूग ही तिन्ही पिकं अमेरिका खंडातली. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला आले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला, आणि ही पिकं आली ती त्यानंतर. नावंसुद्धा हेच सांगतात. 'बटाटा' पोर्तुगीजांकडून जसाच्या तसा उचललेला. मिरची आली तेव्हा तिला नाव दिलं ते आपल्या मिऱ्यावरून. भुईमूग म्हणजे भुईतला मूग.

आणि जिच्यामुळे ताट सारलं ती कोथिंबीर? 'कुस्तुंबुरु' या नावाने ती पाणिनीच्या सूत्रात आहे! चार-पाचशे वर्षांपूर्वी आलेली मिरची पवित्र, आणि अडीच हजार वर्षं इथे असलेली कोथिंबीर बाहेर. 'परंपरेत बसत नाही' एवढ्यावरून कुणाला भरल्या ताटावर रडवू नये, असं माझं ठाम मत आहे.

कंदमूळ:
तुमचा मुद्दा पटला, पण मी त्यातून उलटा निष्कर्ष काढतो. परकं आहे ना, मग तेच ताटातून काढा. वरीचे तांदूळ, शिंगाडा, सुरण, तिखटाला मिरे, वर सैंधव. साबुदाणा कसा होतो ते बघा. टॅपिओकाचा कंद सोलून वाटतात, त्याचं दुधासारखं पाणी गाळून ठेवतात, तळाशी बसलेल्या पांढऱ्या साक्याच्या गोळ्या वळतात आणि तव्यावर भाजतात. तमिळनाडूतल्या सेलम भागात हा धंदा वाढला तो दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. म्हणजे पणजीच्या लहानपणी हा इथला साबुदाणा नव्हताच. त्यात जवळपास नुसतं पिष्ट असतं. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. एकादशीला वाटीभर खिचडी खाल्ली की त्यांची साखर किती चढते ते मी घरच्या यंत्रावर पाहतो. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण उगीच पडलेली नाही.

वऱ्हाडी:
आमच्याकडे हिला साबुदाण्याची उसळ म्हणतात, आणि ती ताटातून काढायची भाषा मला मान्य नाही. पीक कुठून आलं याचा उपासाशी काय संबंध? एकादशीला धान्य वर्ज्य, हा मूळ नियम. नवा कंद आला, नवी शेंग आली, ती धान्यात मोडत नव्हती म्हणून फराळात बसली. मकाही त्याच खंडातून आला, पण तो दळून भाकरी होते म्हणून बाहेर राहिला. नियम जुनाच आहे, यादी वाढत गेली.

तिसरा चहा:
हा नियम वरीपाशी मोडतो. वरी हे सरळ सरळ धान्य आहे, गवताच्या कुळातलं, तांदळासारखं शिजणारं, आपण म्हणतोही 'वरीचे तांदूळ'. तरी ती चालते. टोमॅटो धान्य नाही, तरी बहुतेक घरांत चालत नाही. आणि कंदमूळ, राजगिरा देशी समजून खात असाल तर तोही मुळात अमेरिका खंडातलाच मानतात.

कंदमूळ:
राजगिऱ्याचं मला माहीत नव्हतं. पण मग शिंगाडा आणि सुरण तर राहतातच.

ओसरीवरची:
वरीबद्दल मला वाटतं की नांगरून पिकवलेलं आणि आपोआप उगवलेलं, हा भेद जुना असावा. ऋषिपंचमीला आपण अजूनही बैलाच्या कष्टाचं खात नाही. पण त्याच ऋषीच्या भाजीत माझी आई मक्याच्या कणसाचे तुकडे आणि लाल भोपळा घालते, आणि ही दोन्ही तिकडचीच! चार बायका परसात उभ्या राहून हे चालेल, ते नको, असं ठरवत आल्या. मग माझ्या जावेला तो अधिकार का नाही?

माजघर:
सासूबाईंची बाजू कुणीच घेतली नाही म्हणून लिहिते. त्या काही पाणिनी सांगत नव्हत्या. उपास म्हणजे स्वतःला घालून घेतलेलं बंधन. त्यांनी लग्नापासून त्या दिवशी कोथिंबीर वर्ज्य केली असेल, तर ती पाळणं हाच त्यांचा उपास. उद्या मी मिठाईतला एकच पदार्थ सोडला, तर तो भारतात कधी आला हे मला कुणी विचारणार का? सुनेला रडवलं ते चुकलंच. पण कोथिंबिरीचं वय सांगून त्यांना खोटं पाडणंही मला बरोबर वाटत नाही. दोघींनी आधी विचारलं असतं तर निम्मी खिचडी वेगळी काढता आली असती.

ओसरीवरची:
बंधनाचं पटलं, आणि हे आधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण त्यांनी स्वतःचं ताट सारलं तेवढ्यावर थांबल्या नाहीत, जावेचंही उचलायला लावलं. बंधन स्वतःपुरतं असेल तर तिने कोथिंबीर का खाऊ नये, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. येत्या एकादशीला खिचडी मी करणार आहे. कोथिंबीर चिरून वाटीत शेजारी ठेवीन, जिला हवी ती घेईल. सासूबाईंना हे आधी सांगणार आहे.