माफी मिळाली हे कळतं, पण मंडळीत परकंच वाटतं

शेवटचा_बाक: सर्वांना सलाम. दारूपायी संसार मोडला, तीन वर्षं चर्चला, उपासनेला गेलो नाही. आता सात महिने एक थेंब नाही आणि परत जायला लागलोय. पण दाराजवळच्या बाकावर बसतो आणि शेवटी आशीर्वादाच्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात ना, तेव्हा हळूच सटकतो. बायबलमधलं इफिस २:८ तोंडपाठ आहे, कृपेनेच तारण, आपल्या कर्माने नाही, पण तरी वाटतं आधी काहीतरी फेडायला पाहिजे. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे मिळून घेतात ती भाकर आणि प्याला, ते तर घेतच नाही. असं कोणाला झालंय का?

जुनी_वही: दादा, लूक १५ परत वाचा, येशूने सांगितलेली उधळ्या मुलाची गोष्ट, पण जरा सावकाश. तो धाकटा मुलगा बापाचा पैसा उडवून कंगाल होतो आणि डुकरांजवळ बसून घरी जाऊन बापाला सांगायचं भाषण पाठ करतो, मी पाप केलंय, मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मोलकऱ्यासारखं ठेवा (ओव्या १८-१९). आता २१वी ओवी बघा. तो बोलायला लागतो पण मोलकऱ्याचं वाक्य येतच नाही, त्याआधीच बाप चाकरांना झगा, अंगठी, जोडे आणायला सांगतो. मोलकरी म्हणून राहिला असता तर फेडता आलं असतं, तीच तर सोय हवी होती त्याला. तुमचंही तेच चाललंय असं मला वाटतं, राग मानू नका.

खरंखरं_बोलतो: वरचं सगळं बरोबर, पण देवाने माफ केलं म्हणजे माणसांनी केलं असं होत नाही हो. त्याच गोष्टीत धाकट्याच्या स्वागतावर रागावून थोरला भाऊ बाहेर उभाच आहे आणि तो शेवटी आत गेला की नाही हे लिहिलेलंच नाही. मंडळीत असे थोरले भाऊ भेटणार, मी स्वतः बरीच वर्षं त्यातलाच होतो. आणि ज्यांना तुमच्यामुळे त्रास झाला त्यांनी लगेच जवळ करावं ही अपेक्षा नको. त्यांचा वेळ त्यांना घेऊ द्या. पण म्हणून प्रभुभोजन सोडू नका, पाळकांशी, म्हणजे आपल्या मंडळीच्या धर्मगुरूंशी, एकदा बसून बोला.

कोळशाचा_विस्तव: मला येशूचा शिष्य पेत्र याच्या गोष्टीने सावरलं. येशूला धरून नेलं त्या रात्री त्याने तीनदा 'मी त्याचा नाही' म्हणून नाकारलं ते कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत असताना (योहान १८:१८). नंतर, येशू मेलेल्यांतून उठल्यावर, योहान २१ मध्ये पुन्हा किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, वर मासळी, आणि येशू म्हणतो या, न्याहारी करा. मूळ ग्रीकमधला हा शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच ठिकाणी आहे. म्हणजे जखम झाली तसल्याच धगीपाशी परत बसवलं, आणि आधी खायला दिलं, प्रश्न नंतर. तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का, पेत्राला वाईटही वाटलं. पण "का नाकारलंस" हे एकदाही नाही. विचारून झाल्यावर काम दिलं, माझी मेंढरं पाळ. आणि मार्क १६:७ मध्ये तर येशूच्या रिकाम्या कबरेजवळ बायकांना सांगितलंय, शिष्यांना *आणि पेत्राला* सांगा. शिष्यांत तो आलाच होता की, तरी नाव वेगळं घेतलं.

शेवटचा_बाक: उशिरा लिहितोय, सॉरी. मोलकऱ्याचं वाचून दोन दिवस गप्पच होतो. पाळकांना फोन केलाय, बुधवारी भेटतोय. या रविवारी आशीर्वादापर्यंत थांबलो. उपासनेतलं गीत पुस्तकात सापडत नव्हतं तर शेजारच्या काकूंनी न बोलता त्यांचं पुस्तक मध्ये धरलं, दोघांनी त्यातच बघून गायलं. सूर माझा कुठेच लागला नाही.